यादीतला चौथा रकाना

2021 च्या पावसाळ्यात आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक वही फिरत होती. तीन रकाने होते: नाव, खोली नंबर आणि ‘लस घेतली की नाही’. सोसायटीत कामाला येणाऱ्या, गेटबाहेर धंदा करणाऱ्या माणसांचीही नावं त्यात होती. वही अगदी नीट भरलेली होती आणि तरी तिचा उपयोग होत नव्हता. ‘नाही’ लिहिलेल्यांची नावं घेऊन आम्ही दोघं-तिघं जिने चढायचो, लस सुरक्षित आहे हे तेच ते सांगायचो. समोरचा माणूस मान डोलवायचा आणि म्हणायचा, “बघू नंतर.”

गेटबाहेर दिवाळे गावातल्या एक मावशी खाडीची मासळी घेऊन बसतात. त्यांच्या नावापुढेही तीन वेळा ‘नाही’ लिहून झालं होतं. चौथ्या वेळी मी लशीबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, “मावशी, का नको?” मावशींनी बोईटावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाल्या, “लस चांगली हाय, मना म्हाईत हाय. पन ताप आला तं बुधवारी इकायला कोन बसल?” लसीकरणाचं शिबिर मंगळवारी होतं. ताप आलाच तर त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येणार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे दिवस. अँटिबॉडी म्हणजे काय हे आम्ही त्यांना तीनदा समजावलं होतं, आणि त्यांची अडचण वाराची होती. पुढच्या सोमवारी, गिऱ्हाईक मुळात कमी असतं त्या दिवशी, त्यांनी नागरी आरोग्य केंद्रात जाऊन लस घेतली. त्या रात्री मी पट्टी घेऊन वहीत चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘का?’

घरात, चाळीत, कारखान्यात किंवा सोसायटीत लस न घेतलेल्या माणसाशी ज्यांना कधी ना कधी बोलावं लागेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांचं स्वतःचंच मन कचरतं त्यांच्यासाठीही आहे, कारण कचरणं हा गुन्हा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने लशीबद्दलच्या या चालढकलीची गणना जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत केली ती 2019 मध्ये, म्हणजे करोनाच्या आधी. त्याआधी 2014 मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने तिची तीन मुळं सांगितली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर विश्वास नाही, गरज वाटत नाही आणि जमत नाही. आमच्या वहीतला चौथा रकाना भरत गेला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माणसं तोंडाने पहिलं कारण सांगतात, पण पुष्कळदा खरं कारण तिसरं असतं. “मला ओटीपी कळत नाही” म्हणायला लाज वाटते. “लशीवर माझा विश्वास नाही” म्हणायला वाटत नाही.

म्हणून सुरुवात ‘जमत नाही’पासून करावी. नवी मुंबईत तर आधी हेच बघावं. इथे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रात्रपाळी करणारे आहेत, एपीएमसी बाजारात पाठीवर गोणी वाहणारे माथाडी आहेत, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या वस्त्यांत रोजंदारीवर जाणारी कुटुंबं आहेत. दंड दुखला तर ऑफिसात बसणाऱ्याचं काही अडत नाही. पन्नास किलोची गोणी उचलणाऱ्याचा मात्र खाडा पडतो, आणि तो टोळीत काम करत असेल तर सगळ्या टोळीची ओढाताण होते. मे 2020 मध्ये हाच बाजार संसर्गामुळे आठवडाभर बंद ठेवावा लागला होता, तेव्हा रोगाची भीती या माणसांना कमी होती असं कुणी समजू नये. त्यांचा हिशोब साधा असतो: रोग येईल तेव्हा येईल, खाडा उद्याच पडेल. तुम्ही कुणाला कामावर ठेवलं असेल, मग ती घरकाम करणारी ताई असो की कारखान्यातला हेल्पर, तर लशीच्या दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी आधी जाहीर करा. माझ्या अनुभवात त्या एका वाक्याएवढं काम कुठल्याही पत्रकाने केलं नाही.

नोंदणीचंही तेच. कोविन पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होतं. मराठी आणि इतर भारतीय भाषा जून 2021 मध्ये आल्या. मे महिन्यात 18 वर्षांपुढच्या सगळ्यांना परवानगी मिळाली तेव्हा लसच अपुरी होती, आणि स्लॉट उघडले की काही सेकंदांत भरून जायचे. शहरातली मुलं गाडी काढून लांबच्या ग्रामीण केंद्रांवर लस घ्यायला जायची आणि तिथले गावकरी बाहेर उभे राहायचे. पहिल्या फेरीत ज्याला परत पाठवलं, तो दुसऱ्यांदा बोलावल्यावर लगेच येत नाही. त्याला ‘लसविरोधी’ म्हणणं अन्याय आहे. अशा माणसाला माहिती सांगत बसण्यापेक्षा सोबत जा. त्याचा फोन हातात घ्या, ओळखपत्र आहे का बघा, परतीच्या रिक्षाचं ठरवा. घरातला एकमेव स्मार्टफोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल तर बाईचं नाव आपल्याच फोनवरून नोंदवा.

आता विश्वासाकडे. इथे घाई करू नये, कारण अविश्वासाला आपल्याकडे इतिहास आहे. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. नंतर सरकारने घरझडत्या घेतल्या, माणसांना घरातून उचलून इस्पितळात नेलं, पुण्यात तर गोरे सोल्जर माजघरापर्यंत शिरले. त्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, ती शाळेत फारशी येत नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर उघडपणे ती टोचून घेतली, तेव्हा त्या समाजातली माणसं पुढे आली. परळची हाफकिन संस्था हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते. झडती घेणाऱ्या शिपायाला पाहून माणसं रुग्ण लपवत होती आणि आपला मानलेला माणूस बाही वर करतो हे पाहून रांगेत येत होती. शहर एक, साथही एकच.

‘लशीने मूल होत नाही’ ही अफवाही हवेतून आलेली नाही. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ज्या घरातल्या आजोबांना फसवून किंवा धमकावून नेलं गेलं, त्या घरात सरकारी सुईची धास्ती अजून असेल तर तिला अडाणीपणा म्हणू नका. “तेव्हा तसं झालं होतं, खरं आहे” हे आधी म्हणा. मग सांगा की करोनाच्या लशीने वंध्यत्व येतं असा पुरावा मिळालेला नाही, आणि 2021 च्या जुलैपासून गर्भवतींनाही ही लस देण्यात आली.

“इतक्या लवकर लस कशी तयार झाली?” हा प्रश्न शिकलेल्या घरांत जास्त ऐकू यायचा. प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्डच्या ज्या तंत्रावर कोविशिल्ड बनली त्यावर करोनाच्याच कुळातल्या मर्स या आजारासाठी आधीपासून काम चालू होतं. चाचण्यांचे टप्पे एकामागून एक न घेता काही अंशी सोबत घेतले गेले, आणि मंजुरीची वाट न पाहता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादन सुरू केलं. लस फसली असती तर तो सगळा साठा फेकावा लागला असता. वेळ वाचला तो बहुतांशी इथे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कोव्हॅक्सिनला 3 जानेवारी 2021 रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते. 16 जानेवारीला लसीकरण सुरू झालं त्या दिवशी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनीच कोविशिल्ड द्यावी अशी मागणी केली होती. पुढे आकडे आले, सुमारे 78 टक्के परिणामकारकता दिसली. डॉक्टरांना शंका येऊ शकते, तर कोपरखैरण्याच्या शिंपीकाकांना का येऊ नये?

कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार आठवडे, मग सहा ते आठ, मग मे महिन्यात बारा ते सोळा झालं. “यांनाच काही माहीत नाही,” असं लोक म्हणाले. अंतर वाढवल्याने संरक्षण चांगलं मिळतं असा अभ्यास होता हे खरं, आणि तेव्हा लशीचा तुटवडा होता हेही खरं. दोन्ही सांगा. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं माणूस व्हॉट्सॲपवरून घेतो.

व्हॉट्सॲपवरून काय काय आलं! जून 2021 मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला दुसऱ्या डोसनंतर चमचे आणि नाणी चिकटतात अशी चित्रफीत घरोघर पोहोचली. घामट, तेलकट कातडीला हलकी वस्तू चिकटते. अंगाला पावडर लावली की खाली पडते. आमच्या इमारतीत एका आजोबांना हे पटेना. त्यांच्या नातवाने, ज्याने एकही डोस घेतलेला नव्हता, स्वतःच्या कपाळावर रुपयाचं नाणं चिकटवून दाखवलं, मग कपाळाला पावडर फासून पुन्हा प्रयत्न केला. नाणं आजोबांच्या ताटात पडलं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी लस घेतली. माझ्या तासाभराच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर आणि त्यांच्याच नातवाच्या कपाळावर झालं.

सगळ्यात अवघड प्रश्न मृत्यूचा. “आमच्या शेजारच्यांनी लस घेतली आणि चौथ्या दिवशी गेले.” या वाक्यापुढे आकडे फेकू नका. आधी गेलेल्या माणसाची चौकशी करा. मग, ऐकायची तयारी दिसली तर, हा हिशोब मांडा. आपल्या देशात वर्षाला दर हजारी साधारण सहा माणसं एरवीही मरण पावतात. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या 11 लाखांवर होती. म्हणजे कुठल्याही सामान्य आठवड्यात या शहरात सव्वाशेच्या आसपास मृत्यू होणारच. त्या आठवड्यात सगळ्या शहराला नुसतं मीठपाणी टोचलं असतं तरी सव्वाशे घरांना ‘टोचल्यावर गेले’ असंच वाटलं असतं. लस आधी वृद्धांना आणि आजारी माणसांना दिली गेली, त्यांच्यात तर हे प्रमाण आणखी जास्त.

याचा अर्थ लशीने कधीच कुणाला इजा होत नाही असा नाही, आणि तसं कुणाला सांगूही नका. तीव्र ॲलर्जीने झालेला एक मृत्यू लशीशी संबंधित असल्याचं केंद्राच्या समितीने जून 2021 मध्ये मान्य केलं. कोविशिल्डने फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात, हे 2021 च्या वसंतापासून माहीत होतं. भारतातल्या तेव्हाच्या आढाव्यात हे प्रमाण दहा लाख डोसमागे एकाहून कमी होतं. एप्रिल 2024 मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटिश न्यायालयात तीच गोष्ट मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर “बघा, आम्ही सांगत होतो” असे संदेश आले. ज्यांना 2021 मध्येच हे सांगितलं गेलं होतं ती माणसं त्या दिवशी शांत होती. बाकीच्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि त्यांचं वाटणं चुकीचं नव्हतं. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलही हीच धाकधूक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. करोनाने रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घराण्यात आकस्मिक मृत्यूचा इतिहास आणि अतिमद्यपान यांनी मात्र धोका वाढलेला दिसला.

‘गरज वाटत नाही’बद्दल थोडक्यात. “मला एकदा होऊन गेला” आणि “लस घेऊनही झालाच ना” ही दोन वाक्यं जानेवारी 2022 च्या ओमायक्रॉनच्या लाटेत सर्रास ऐकू आली. लस घेतलेल्यालाही संसर्ग झाला, हे खरंच आहे. लशीचं मुख्य काम आजार फुप्फुसापर्यंत आणि माणूस ऑक्सिजनच्या खाटेपर्यंत जाऊ न देणं हे आहे. हे पहिल्यापासून असंच सांगितलं असतं तर पुढचा अपेक्षाभंग टळला असता. घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांच्या दंडावरचा गोल वण बघायला सांगा. ‘देवी काढल्या’ त्याचा तो वण. गावोगाव फिरणाऱ्या लस टोचणाऱ्याला तेव्हा ‘देवीडॉक्टर’ म्हणायचे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, म्हणून नातवंडांच्या दंडावर तो वण नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पाच जणांचं ऐकत नव्हत्या. सुनेने नुसतं त्यांच्या वणावर बोट ठेवलं.

सक्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून लोकलमध्ये दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांनाच प्रवेश मिळाला. हार्बरवर रोज जाणाऱ्या कितीतरी जणांनी पासासाठी लस घेतली. रांगा लागल्या, पण मन वळलं नाही. जुलै 2022 पासून तिसरा, ‘प्रिकॉशन’ डोस 75 दिवस सरकारी केंद्रांवर सगळ्या प्रौढांना फुकट होता, आणि पासासाठी आलेली माणसं तिकडे फिरकली नाहीत. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, असं सांगितलं. म्हणजे शेवटी बोलण्यावरच भिस्त आहे.

तेव्हा बोलायचं कुणी आणि कसं? चार माणसांनी मिळून घरी जाऊ नका, घेराव वाटतो. ज्याच्या शब्दाला त्या घरात मान आहे तो एकटा जाऊ दे. आगरी-कोळी घरात गावातली एखादी जाणती बाई, माथाडीच्या खोलीवर टोळीचा मुकादम, मुस्लिम वस्तीत मशिदीतले मौलाना, आणि बहुतेक घरांत नेहमीचा फॅमिली डॉक्टर. त्याने स्वतः लस घेतलेली असावी आणि स्वतःला काय त्रास झाला तेही सांगावं. पहिल्या भेटीत होकार मागू नये. “आणखी काय विचारायचंय?” एवढं विचारून उठावं, आणि उत्तर माहीत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणून खरंच परत यावं. बैठकीत सगळ्यांसमोर ‘अमक्याने घेतली नाही’ असं नाव वाचून दाखवणं ही सगळ्यात मोठी चूक. आम्ही ती केली आणि एक कुटुंब वर्षभर आमच्याशी बोललं नाही.

शिबिर भरवणार असाल तर परवानगी महापालिकेकडून लेखी घ्या. 30 मे 2021 रोजी कांदिवलीच्या एका संकुलात 390 रहिवाशांना बनावट लस टोचली गेली. कुणालाच ताप आला नाही, फोटो काढू दिले नाहीत आणि प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने, वेगवेगळ्या तारखांची आली. असं काही दिसलं तर तिथल्या तिथे विचारा. कुपीवरचं नाव आणि मुदतीची तारीख बघायचा तुम्हाला हक्क आहे.

लस घेणाऱ्याने आधी सांगायच्या गोष्टी: पूर्वी औषधाने किंवा लशीने अंगावर पित्त उठलं, सूज आली, दम लागला होता का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आज ताप आहे का, दिवस गेले आहेत का. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा. तीव्र ॲलर्जी झालीच तर बहुधा याच वेळात होते आणि तिचं औषध तिथे असतं. ताप, अंगदुखी, दंड ठणकणं दोन दिवसांत जातं, पॅरासिटामॉल चालते. दम लागणं, तोंडाला सूज, पुढच्या चार आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, अंधूक दिसणं, छातीत किंवा पोटात तीव्र कळ, एका पायाला सूज यांपैकी काही झालं तर 108 ला फोन करा आणि लस कधी व कुठली घेतली ते डॉक्टरांना सांगा. जिथे लस घेतली त्या केंद्रात त्रासाची नोंद करायला लावा. नोंद केल्याने लशीची बदनामी होत नाही. पुढच्या माणसाला खरं सांगता येतं ते अशाच नोंदींमुळे.

हे सगळं पुढच्या महासाथीपर्यंत बाजूला ठेवायचं नाही. 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली. त्यांतल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती. गोवंडी ते वाशी या प्रवासात मध्ये फक्त मानखुर्द आणि खाडीपूल आहे. गोवर थोपवायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आज घरी गेलात की मुलाचं लसीकरण कार्ड काढा आणि या दोन घरांत तारखा आहेत का बघा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही त्यांच्या बाळाचं कार्ड आणायला सांगा. त्यात जागा रिकामी दिसली तर रागावू नका. ‘का?’ विचारा, आणि उत्तर वाराचं निघालं तर वार बदला.